पडद्यावरचं आकाश, कागदावरचं आकाश

दुर्बिणीला डोळा लावायचा, डोळा काढायचा, मंद लाल उजेडात कागदावर दोन-चार ठिपके टाकायचे, पुन्हा डोळा लावायचा. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याची चित्रं काढली. तेव्हापासून आकाशाची रेखाटनं करणारे लोक साधारण हेच करत आले आहेत. अलीकडे त्यात एक बदल झाला. डोळा लावण्याच्या जागी छोटा व्हिडिओ कॅमेरा बसवतात. त्याने टिपलेलं दृश्य लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर लाइव्ह दिसतं आणि चित्र काढणारा त्या स्क्रीनकडे बघत पेन्सिल चालवतो. २०२३ साली बाजारात आलेल्या सीस्टार एस५० सारख्या छोट्या दुर्बिणींना तर डोळा लावायची जागाच नाही. त्यांचं सगळं काम मोबाइलवरून चालतं.

या रेखाटनांवर दोन बाजूंनी टीका होते. जुन्या पठडीतले आकाशनिरीक्षक म्हणतात, ‘तुम्ही आकाश पाहिलंच नाही, स्क्रीन पाहिला.’ बाकीचे म्हणतात, ‘स्क्रीनवर आलंच आहे तर स्क्रीनशॉट घ्या की! पेन्सिल कशाला झिजवता?’ पहिल्यांना कॅमेरा नको, दुसऱ्यांना हात नको. मला या लेखात दोघांशीही भांडायचं आहे. भांडणासाठी जागा निवडली आहे ती बीड जिल्ह्याची. बालाघाटच्या डोंगरांत अजून बऱ्यापैकी काळोख शिल्लक आहे, मोबाइल घरोघरी पोचला आहे, आणि आकाशाकडे बघायची सवड कुणाला मिळते हा प्रश्न तिथे फार टोकदार आहे.

डोळ्याचं आणि कॅमेऱ्याचं गणित

आधी थोडं यंत्राबद्दल. आपला डोळा उजेड साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या लहानशा तुकड्यात जेवढा प्रकाश आला तेवढ्याचं चित्र मेंदूकडे जातं आणि पाटी कोरी होते. तुम्ही दहा मिनिटं एकटक बघितलंत म्हणून अंधुक तारा दहा मिनिटांइतका उजळ होत नाही. काळोखाला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ती कमाई गेली. शिवाय मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. म्हणून रात्री सगळे तेजोमेघ राखाडी दिसतात.

कॅमेरा साठवतो. दहा सेकंदांची एक फ्रेम, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी, असं तो एकावर एक रचत जातो. याला स्टॅकिंग म्हणतात. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येतो, कॅमेऱ्याची खरखर मात्र दर वेळी वेगळ्या जागी येते. फ्रेमा मिळवून सरासरी काढली की खरखर विरत जाते. सोळा फ्रेमांनंतर ती एका फ्रेमच्या मानाने साधारण पाव उरते. स्क्रीनवर बसून बघताना हे घडताना दिसतं. आधी नुसती वाळू, मग वाळूत एक डाग, मग डागाला आकार.

आता मृग नक्षत्रातला तेजोमेघ घ्या. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या थोडं खाली हा मेघ आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून लांब गेलात तर नुसत्या डोळ्यांनाही तिथे धुरकट ठिपका दिसतो. छोट्या दुर्बिणीतून वटवाघळाच्या पंखांसारखा राखाडी आकार दिसतो आणि त्याच्या मधोमध चार तारे, हरभऱ्याचे चार दाणे टाकल्यासारखे. कॅमेऱ्यात तोच मेघ लालभडक होतो, कारण हायड्रोजनचा लाल प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो. पंख चांगले लांबपर्यंत पसरतात. आणि मधले चार तारे? ते गायब. एवढा वेळ प्रकाश साठवला की मेघाचा गाभा जळून पांढरा होतो आणि चार तारे त्यात बुडून जातात.

रेखाटनाचं काम सुरू होतं ते इथे. समजदार चित्रकार आधी कॅमेऱ्याला एक-दोन सेकंदच उघडा ठेवतो. चार तारे दिसले की त्यांची जागा कागदावर नक्की करतो. मग वेळ वाढवतो, पंख उमलू देतो आणि ते कोळशाने किंवा पेन्सिलीच्या भुकटीने बोटाने पसरवतो. तयार झालेल्या चित्रात तारेही आहेत आणि पंखही. कॅमेऱ्याच्या कुठल्याही एका फ्रेममध्ये हे दोन्ही एकत्र नव्हते. स्क्रीनशॉट घ्या म्हणणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हे आहे. कुठला स्क्रीनशॉट घेणार? दोन सेकंदांचा की दोनशे सेकंदांचा? (फोटोवाले लोकही वेगवेगळ्या वेळांच्या फ्रेमा जोडतात, पण तेही मग ‘नुसता फोटो’ राहत नाही. त्यातही कुणीतरी बसून काय ठेवायचं ते ठरवलेलं असतं.)

‘लाइव्ह’ या शब्दाचं वजन

कुणी म्हणेल, मग नेटवरचा हबल दुर्बिणीचा फोटो समोर ठेवूनच चित्र काढू या. त्यातही तारे आहेत, पंख आहेत. काढा जरूर, हाताला सराव म्हणून चांगलंच आहे. पण ते आकाशाचं रेखाटन नाही. तो एका तयार चित्राचा उतारा झाला. लाइव्ह कॅमेऱ्याशी त्याची गल्लत करू नये.

फरक असा. साठवलेला फोटो तुम्हाला कधीच नाही म्हणत नाही. लाइव्ह दृश्य म्हणतं. ढग येतो आणि निम्मी फ्रेम धुऊन जाते. वाऱ्याने स्टँड हलतो, ताऱ्यांच्या रेघा होतात. एखादा उपग्रह मधूनच ओरखडा काढून जातो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे दुर्बिणीला मोटर नसेल तर तुम्ही खोडरबर शोधेपर्यंत तारा चौकटीबाहेर. आणि दृश्य सतत वाढत असतं. पाचव्या मिनिटाला जे दिसतं त्याहून जास्त दहाव्या मिनिटाला दिसतं, विसाव्याला आणखी. थांबायचं कधी, हे कॅमेरा सांगत नाही. तो सकाळपर्यंत साठवत बसेल. थांबायचा निर्णय चित्र काढणाऱ्याला घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या प्रकारातल्या चित्राचा कस तिथेच लागतो. लवकर थांबलात तर वाळूच काढाल. उशिरा थांबलात तर सगळ्यांच्याकडे असलेला तोच गुळगुळीत लाल मेघ काढाल. मधे कुठेतरी त्या रात्रीचं, त्या गावावरचं, त्या हवेतलं आकाश असतं.

सावलीच्या वाटेवर

हात आणि यंत्राची ही ओढाताण महाराष्ट्राला नवी नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातल्या विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली आणि ईशान्येकडे सरकत गेली. विजयदुर्गावर इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. (हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला असं अनेकदा छापून येतं. तो शोध १८६८ सालच्या निरीक्षणांतला आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते.) सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी यंत्रं मांडली होती. वर्ध्याकडे पुलगावला आणखी एक तळ होता. जेऊर ते पुलगाव अशी नकाशावर सरळ रेघ ओढा. ती बीड जिल्ह्यातून जाते.

या मोहिमांत फोटोच्या काचा होत्या, वर्णपटमापक होते. तरीही विजयदुर्गावर लॉकियर यांनी ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या लोकांना हाताशी धरून सूर्याच्या प्रभामंडळाची, म्हणजे करोनाची, चित्रं काढायला बसवलं. काहींच्या समोर काळ्या चकत्या उभ्या केल्या होत्या. चकतीमुळे करोनाचा आतला झगझगीत भाग झाकला जायचा आणि बाहेरचे फिके झोत दिसू शकायचे. कारण तेच, मृगाच्या मेघाचं. फोटोच्या एका काचेवर आतलं तेज आणि बाहेरचा फिकेपणा एकत्र येत नव्हता. आला तरी एक जळायचं किंवा दुसरं बुडायचं. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यात बघायचं, लक्षात ठेवायचं, काढायचं.

अशा चित्रांची खोड अशी की शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची चित्रं जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या करोनाच्या रेखाटनांत हे वारंवार झालं. शास्त्रज्ञ वैतागले आणि हळूहळू फोटोकडे वळले. ते बरोबरच होतं. मोजमाप करायचं असेल तर चाळीस जणांचे चाळीस करोना उपयोगाचे नाहीत. पण ती चित्रं आज बघणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. त्या दोन मिनिटांत बीडच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरही तीच सावली होती. कागद, पेन्सिल आणि सराव मात्र युद्धनौकेवरच्या लोकांना मिळाला होता. आकाश कुणी पाहिलं यापेक्षा ते नोंदवण्याची साधनं कुणाच्या हातात होती, यावर इतिहास ठरला. आज कॅमेरा आणि पेन्सिल यांच्यातल्या वादात ही बाजू कुणी फारशी काढत नाही.

हात खोटं बोलतो, आणि आता फोनसुद्धा

कॅमेऱ्याच्या विरोधकांनी मंगळाच्या कालव्यांची गोष्ट आठवावी. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी त्यांचं जाळंच काढलं आणि ते जाळं बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेल्या कालव्यांचं आहे असं जगाला सांगितलं. दोघेही तासन्‌तास दुर्बिणीला डोळा लावून बसणारे, हाताने काढणारे. १९०३ साली ग्रिनिच इथे एडवर्ड माँडर आणि इव्हान्स यांनी शाळकरी मुलांसमोर मंगळाची चित्रं ठेवली. त्या चित्रांत अस्पष्ट डाग-ठिपके होते, सरळ कालवे नव्हते. लांबच्या बाकांवर बसलेल्या मुलांनी नक्कल करताना सरळ रेषा काढल्या. धूसर दिसलं की डोळा ठिपके जोडतो आणि हात त्यावर शिक्का मारतो. तेव्हा ‘मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं’ हा काही खरेपणाचा दाखला नाही.

मंगळाच्या या गोष्टीचा शेवट आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याच्यावर टीव्ही कॅमेरा होता. चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० ते ६३ मधला एक आकडा. एक चित्र पृथ्वीवर पोचायला आठ-आठ तास लागत होते. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत बसलेल्या इंजिनिअरांना संगणकाने चित्र तयार करेपर्यंत धीर निघेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या फळीवर शेजारी शेजारी लावल्या, पेस्टल खडू आणले आणि कुठल्या आकड्यांना कुठला रंग ते ठरवून हाताने रंगवायला घेतलं. दुसऱ्या ग्रहाच्या टीव्ही कॅमेऱ्याने पाठवलेलं ते दृश्य माणसांनी पहिल्यांदा पाहिलं ते असं, खडूने भरलेलं. ते जपून ठेवलेलं आहे. कॅमेऱ्याच्या मदतीने आकाश रेखाटणं ही आजकालच्या पोरांची पळवाट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते चित्र बघावं. आणि त्या कॅमेऱ्याने काय दाखवलं? खड्डे. कालवा एकही नाही.

पण आता पारडं पुन्हा फिरलं आहे. २०२३ साली एका बड्या मोबाइल कंपनीच्या फोनवरून वाद झाला. चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो स्क्रीनवर लावून त्या फोनने टिपला, तर फोनने त्यात मुळात नसलेले तपशील भरले. चंद्र ओळखायला शिकवलेली एआय त्यात होती. म्हणजे झूम करून तुम्ही जो चंद्र स्टेटसला ठेवता, त्यातले काही खड्डे त्या रात्री तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत आलेच नसतील. लोवेल निदान स्वतः चुकत होते. इथे चूक आपल्या वतीने, आपल्याला न विचारता होते आणि फोटो म्हणून खपते.

म्हणून लाइव्ह कॅमेरा वापरताना तो काय करतोय हे माहीत हवं. किती सेकंदांची फ्रेम, किती फ्रेमा, रंग किती ताणलेत, काही आपोआप ‘सुधारणा’ चालू आहे का. आपल्याकडे या शहाणपणाला जुनं नाव आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त वेधाची बरीच यंत्रं वर्णिली आणि शेवटी सगळ्यांत वरचा मान दिला तो ‘धीयंत्रा’ला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला. हातात साधी काठी असली तरी बुद्धी असलेल्या माणसाला ती पुरते, असा त्यांचा रोख. भास्कराचार्य स्वतःचं गाव विज्जलविड असं सांगतात. ते म्हणजे बीड, असं काहींनी मानलं. भाऊ दाजींना चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडलेल्या शिलालेखामुळे अनेक अभ्यासकांचा कल तिकडे आहे. गाव कुठलंही असो, धीयंत्राची अट काठीला लागू होती तशीच कॅमेऱ्यालाही लागू आहे.

काळोख कुणाचा

शहरातून दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला बालाघाटच्या माथ्यावरचा काळोख म्हणजे ठेवा वाटतो. तो ठेवा आहेच. पण तिथे राहणाऱ्याला काळोख म्हणजे गेलेली लाइट, आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली म्हणून बॅटरी घेऊन, पायाखाली साप आहे का बघत, पाणी धरायला जाणं. त्या माणसाची नजर जमिनीवर असते. तसंच हिवाळ्याचं. पाऊस सरल्यावर आकाश स्वच्छ होतं, मृगाचा मेघ डोक्यावर येतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. ती कोप्यांत राहतात, पहाटेच्या अंधारात फडावर जातात. आकाश त्यांच्या डोक्यावर इतर कुणाहीपेक्षा जास्त तास असतं. सवड नसते.

या माणसांना आकाश कळत नाही असा याचा अर्थ नाही. सप्तर्षीच्या चौकोनात म्हातारीची खाट आणि शेपटीत ती पळवणारे तीन चोर बघणारी गोष्ट ग्रामीण महाराष्ट्राने रचली. ते एका अर्थी रेखाटनच आहे, कागदाशिवायचं. शेतकऱ्याचं पंचांगही नक्षत्रांवर चालतं. फक्त त्यात एक गंमत आहे. जूनमध्ये ज्या मृगाची सगळा मराठवाडा वाट बघतो, तो मृग तेव्हा आकाशात दिसत नाही. सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते तारे दिवसा उगवून दिवसाच मावळतात. नाव रोज तोंडात, पण तारे डोळ्यांसमोर नाहीत. नाव आणि दृश्य यांची गाठ घालायचं काम रेखाटन करतं, कारण काढायचं म्हटलं की कुठे, केव्हा, केवढं हे बघावंच लागतं.

तेव्हा बीडमध्ये या कलेसाठी मी हिवाळ्यावर अडून बसणार नाही. मे महिना घ्या. ऊसतोड संपून माणसं गावी परतलेली असतात, शाळांना सुट्टी असते, उकाड्याने अर्धं गाव अंगणात नाही तर गच्चीवर झोपतं. रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड करा. क्षितिजापासून हात लांब करून दोन मुठी आणि थोडं वर, नरतुरंग तारकासमूहात, एक धूसर ‘तारा’ दिसेल. तो ओमेगा सेंटॉरी. तारा नव्हे, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. बीड १९ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तो तिथून क्षितिजाच्या साधारण २३ अंश वर येतो. ज्या आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली अजस्र दुर्बिणीतून दुसऱ्या दीर्घिकेचे सर्पिल हात पहिल्यांदा पाहून रेखाटले, तिथून हा गुच्छ कधीच उगवत नाही.

मग चित्र बघायचं कसं

एक कोटी तारे कसे काढणार? यावर चित्रकार काय करतो, त्यावरून त्याची पारख होते. डोळ्याने काढणारा बहुधा मऊ गोळा काढतो आणि कडेला थोडे ठिपके पेरतो. नुसता स्क्रीन उतरवणारा सगळीकडे सारखे ठिपके टोचत सुटतो, मग चित्र साबुदाण्यासारखं दिसतं. चांगलं रेखाटन या दोन्हींतून वाट काढतं. कॅमेऱ्यात सुटे झालेले कडेचे तारे तो मोजून, जागेवर ठेवतो. मध्याकडे जाताना ठिपके लहान आणि दाट होत जातात आणि एका ठिकाणी तो ठिपके सोडून बोटाने पसरवायला लागतो. इथपर्यंत मला तारे वेगळे दिसले, इथून पुढे नाही, असं ते चित्र सांगतं. कॅमेऱ्याला ही सीमा दाखवायची गरज पडत नाही. माणसाने ती दाखवली की चित्रावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट, चित्राखालची टीप. तारीख, वेळ, गाव, हवा, दुर्बिणीचा आकार, फ्रेम किती सेकंदांची, किती वेळ साठवलं, डोळ्याने काय पाहिलं आणि स्क्रीनवर काय. बरेच लोक ही टीप कापून फक्त चित्र पुढे पाठवतात. मी ती चित्राचाच भाग मानतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीने कित्येक हात लांब कापडावर पंचीकरण लिहिलं, आकृत्या काढल्या आणि त्यांतच ओव्या भरल्या. तिथे आकृती आणि मजकूर वेगळे काढता येत नाहीत. पंचीकरणाचा सिद्धांतही असा की आपल्याला दिसणारं आकाश शुद्ध आकाश नसतं. निम्मं आकाश आणि उरलेल्या निम्म्यात बाकीच्या चार भूतांचा एकेक वाटा. आकाशाच्या चित्राचंही तसंच म्हणता येईल. त्यात डोळा, यंत्र, आठवण आणि हात यांचे वाटे असणारच. टीप म्हणजे त्या वाट्यांचा हिशोब. तो दिला की कॅमेरा वापरला म्हणून कुणी चोर ठरत नाही आणि दिला नाही तर नुसत्या डोळ्याने काढलेलं चित्रही संशयातून सुटत नाही.

करून बघायचं असेल तर महागडी दुर्बीण लागतेच असं नाही. गावात एखाद्या शाळेकडे, एखाद्या हौशी माणसाकडे छोटी दुर्बीण असेल तर तिच्यावर मोबाइल धरायला क्लिप मिळते. चंद्र, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेचा पुंजका यांना तेवढं पुरतं. फोनमधला चंद्राचा ‘स्मार्ट’ मोड बंद करा. कागदावर दोन वर्तुळं काढा. पहिल्यात आधी नुसत्या डोळ्याने दिसेल ते काढा, स्क्रीन झाकून, डोळे काळोखाला सरावल्यावर. मग स्क्रीन उघडा आणि दुसऱ्या वर्तुळात काढा. क्रम उलटा करू नका, कारण स्क्रीन पाहिल्यावर डोळ्याला तेच दिसायला लागतं, ग्रिनिचच्या मुलांना रेषा दिसल्या तसं. दोन वर्तुळांतला फरक हे खरं निरीक्षण. तो फरक एखाद्या अनुभवी निरीक्षकाच्या वहीत जितका मोलाचा, तितकाच आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या आठवीतल्या मुलीच्या वहीतही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठीत सामान्य वाचकांसाठी आकाशावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे २४ मिनिटं, दोन घटका म्हणजे ४८. डोळा काळोखाला सरावायला अर्धा तास आणि पहिलं वर्तुळ भरायला उरलेली अठरा मिनिटं. तेवढा वेळ फोन उपडा ठेवायचा आहे. दुसऱ्या वर्तुळाच्या वेळी तो लागणारच आहे.